परसातली भाजी दरवर्षी पुन्हा पुन्हा का जाते : गोव्यातील घरगुती मळ्यासाठी समस्या निवारण

मृगाचा पाऊस पडल्यावर घराच्या मागीलदारी काकडी, दोडका, पडवळ, चिबूड आणि भेंडी लावावी, चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) मांडव भरावा आणि माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधण्यासाठी निदान काकडी तरी विकत आणावी लागू नये, एवढी माफक अपेक्षा गोव्यात परस असलेल्या बहुतेक घरांची असते. प्रत्यक्षात श्रावण सरता सरता मांडवावरची फळे वाकडी होऊन पिवळी पडू लागतात, वाफ्यातली तांबडी भाजी सकाळी पाहावी तर देठापर्यंत खाल्लेली असते, आणि भेंडी उद्या काढू म्हणून ठेवावी तर दुपारीच माकडांचा कळप येऊन जातो. मग दुकानातून एखादी बाटली आणली जाते, फवारणी होते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. पुढच्या वर्षी वाफ्याची जागा बदलली तरी परिणाम बदलत नाही.

असे वारंवार होण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणे सापडतात. खाणारा कोण हे न ठरवताच उपाय केला जातो, हे पहिले कारण. आणि त्या खाणाऱ्याला आपल्याच आवारात मिळणारा आसरा, किंवा त्याची मातीत लपलेली पुढची पिढी, तशीच राहून जाते, हे दुसरे. त्यामुळे कोणते औषध मारावे या प्रश्नाआधी कोण खाते आणि कोणत्या वेळी खाते हे ठरवणे आवश्यक असते, आणि ते ठरवण्याइतक्या खुणा वाफ्यात जवळपास नेहमी असतात.

खाणारा ओळखणे

सर्वांत आधी वेळ पाहावी. संध्याकाळी शाबूत असलेले रोप सकाळी गेलेले असेल तर माकड, मोर, खार आणि पोपट यांना वगळता येते, आणि गोगलगाय, उंदीर, घूस, साळींदर, रानडुक्कर किंवा रोपे कुरतडणारी अळी एवढेच संशयित उरतात. पानांवर आणि कुंपणाच्या चिऱ्यांवर वाळलेल्या चिकाचा चकाकणारा माग असेल तर गोगलगायच. रोप जमिनीलगत कापून तिथेच आडवे पडलेले असेल, म्हणजे कापले पण नेले नाही, तर बुंध्याभोवतीची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटांनी उकरून पाहावी; तिथे गुंडाळी करून बसलेली राखाडी अळी सापडते आणि फवारणीचा खर्च वाचतो. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असला तर ती घूस. कंदावर समांतर दातांच्या रुंद खुणा असल्या आणि आसपास एखादा काटा पडलेला असला तर साळींदर. पूर्ण वाफा नांगर फिरवल्यासारखा उलथलेला असेल आणि ओल्या मातीत दोन खुरांचे ठसे उमटले असतील तर रानडुक्कर येऊन गेला, यात शंका राहत नाही.

दिवसाच्या नुकसानीत माकड आणि मोर यांची गल्लत होते. माकड फळ तोडते, एक चावा घेऊन टाकते, फांदी मोडते आणि रोप उपटून दूर भिरकावते. मोर मात्र पेरलेले बी आणि कोवळे कोंब टिपतो, टोमॅटो आणि मिरचीला चोचीने भोके पाडतो आणि माती पायांनी विस्कटतो. (शेजारच्या कोंबड्याही हेच करतात, आणि त्यांच्या बाबतीत उपाय वनखात्याकडे नसून कुंपणापलीकडच्या घरात असतो.)

संशय फिटत नसेल तर वाफ्याभोवती हातभर रुंदीची बारीक वाळूची पट्टी सपाट करून रात्रभर तशीच सोडावी. पावसाची उघडीप असलेल्या रात्री ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण सकाळी त्या वाळूवर पाय, खूर, शेपटी किंवा चीक यांपैकी काहीतरी उमटलेले असते.

मांडवावरची फळे वाकडी होऊन सडतात

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यावरचे उपायही सर्वांत जास्त चुकतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. काकडी, कारले, दोडका, पडवळ, दुधी आणि चिबूड यांचे कोवळे फळ एका बाजूला दबते, तिथे डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकते, पिवळे होते आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. हे वेलवर्गीय फळमाशीचे काम आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, पूर्ण वाढल्या की फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि वरच्या काही सेंटिमीटर थरात कोशावस्थेत जातात. गोव्याच्या पावसाळी हवेत हे चक्र काही आठवड्यांत पूर्ण होते, म्हणजे चवथीच्या आधीच मांडवाखाली माशीच्या एकाहून अधिक पिढ्या होऊन जातात. अळी फळाच्या आत आणि कोश मातीत असल्यामुळे वेलावर मारलेले औषध दोघांपर्यंतही पोहोचत नाही, आणि फवारणीनंतर चार दिवसांनी पुन्हा तेच दिसण्याचे कारण हेच आहे.

दुसरी चूक सापळ्याची असते. बाजारात फळमाशीचे सापळे दोन वेगळ्या गंधांचे मिळतात. मिथाइल युजेनॉलचा सापळा आंबा, पेरू, चिकू यांवरच्या माशीचे नर ओढतो. काकडीवर्गीय वेलांवरच्या माशीचे नर क्यू ल्युअर या वेगळ्या गंधाला येतात. आंब्यासाठी आणलेला सापळाच पावसाळ्यात काकडीच्या मांडवावर टांगला तर बाटलीत माश्या जमताना दिसतात, मालकाला समाधान वाटते आणि काकड्या मात्र सडत राहतात, कारण जमलेल्या माश्या शेजारच्या पेरूवरच्या असतात. तुळशीतही मिथाइल युजेनॉल असते, त्यामुळे तुळशीची पाने ठेचून केलेला घरगुती सापळा आंब्याखाली चालतो आणि मांडवाखाली चालत नाही. विकत घेताना पुडीवरचे नाव वाचावे आणि वेलभाजीसाठी क्यू ल्युअरच मागावे.

योग्य सापळा लावला तरी एक मर्यादा राहते. तो फक्त नरांना ओढतो. शेजारच्या मांडवावर गाभण झालेली मादी उडत आली तर तिला तो अडवू शकत नाही. म्हणून लहान परसात सापळ्याला साहाय्यक समजावे आणि मुख्य भर फळ झाकण्यावर द्यावा. फूल गळून फळ बोटाएवढे होण्याच्या आतच त्यावर पिशवी चढवावी. माशी कोवळी सालच शोधत असते, त्यामुळे आठवडाभर उशीर झाला की आपण अंड्यांसकट फळ झाकतो. पुण्या-नाशिककडे कागदी पिशव्या वापरतात, त्या आपल्या जून-जुलैच्या पावसात दोन दिवसही टिकत नाहीत. जुन्या मच्छरदाणीचे तुकडे, पातळ सुती कापड किंवा नॉन-वोव्हन कापडाच्या पिशव्या चालतात; पिशवीच्या तळाला पाणी निथळेल असे छिद्र ठेवावे आणि तोंड देठाशी सैल गाठीने बांधावे. कारल्याला आणि काकडीला हा उपाय सोपा पडतो. पडवळ लांबच लांब वाढत असल्याने त्याला शिवलेली नळीसारखी पिशवी लागते, आणि तेवढा खटाटोप प्रत्येकाला परवडेलच असे नाही.

काही जण संपूर्ण मांडवच बारीक जाळीने बंद करतात. त्यात माशी येत नाही, पण मधमाशीही येत नाही आणि मग फळच धरत नाही. असे करायचे असेल तर परागीकरण हाताने करावे लागते: नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यावर फिरवायचा. काकडीची आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी; वेळ चुकली तर मेहनत वाया जाते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो जवळपास प्रत्येक घरात दुर्लक्षित राहतो. सडलेली फळे काढून लोक माडाच्या आळ्यात किंवा गडग्यापलीकडे, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापलीकडे, टाकतात, कारण आपल्याकडे ओला कचरा माडाच्या मुळाशी टाकण्याची जुनी आणि एरवी चांगली रीत आहे. त्या फळातल्या अळ्या मात्र आळ्यातल्या मऊ मातीत आरामात कोश करतात आणि पुढची पिढी मांडवापासून दहा पावलांवर तयार होते. कंपोस्टच्या खड्ड्याचेही तसेच. किडलेले फळ एक दिवसही जमिनीवर राहू देऊ नये. दररोज गोळा करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवावे, किंवा झाकणाच्या बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावे. कडक उन्हाच्या दिवसांत बांधलेली पिशवी उन्हात ठेवली की काम लवकर होते. पुरायचेच असेल तर खड्डा किमान दोन फूट खोल हवा. वरवर पुरलेल्या फळातून माश्या माती भेदून बाहेर येतात. हंगाम संपल्यावर आणि मे महिन्यात पेरणीपूर्वी मांडवाखालची माती वरवर खणून उलटी करावी, म्हणजे उरलेले कोश उन्हाने, मुंग्यांनी आणि पक्ष्यांनी संपतात.

एका परसात हे सर्व नीट केले आणि शेजारच्या तीन परसांत फळे कुजत राहिली तर फरक थोडाच पडतो. वाड्यावर चार घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावणे आणि फळे उचलणे, हे महागड्या औषधापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

माकडे

गोव्यात परसात येणारी माकडे दोन प्रकारची असतात. काळ्या तोंडाची लांब शेपटीची वानरे मुख्यतः पाने, शेंगा आणि कोवळे शेंडे खातात; डोक्यावर केसांचा भांग असलेली लालसर तोंडाची माकडे फळे, कंद, भुईमूग, अंडी आणि उघड्या खिडकीतला पाव काहीही सोडत नाहीत. उपद्रवाच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या जातीच्या असतात.

बुजगावणे, फटाके, डबे वाजवणे, चकाकणाऱ्या फिती, रबरी साप हे सर्व उपाय पहिल्या आठवड्यात चालतात. माकड शिकते, ज्या आवाजानंतर काहीच होत नाही त्या आवाजाकडे ते लक्ष देणे सोडते. म्हणून हाकलण्याचा प्रकार सतत बदलावा लागतो आणि त्यामागे माणूस किंवा कुत्रा प्रत्यक्ष धावून येतो हे कळपाला अधूनमधून दिसावे लागते. अंगणात बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या साखळीची लांबी माकडांना मालकापेक्षा चांगली ठाऊक असते.

कळप पुन्हा पुन्हा त्याच घराकडे का वळतो, हे पाहावे. पिकलेल्या फणसाचा, पपईचा किंवा पेरूचा वास, झाकण नसलेला कचऱ्याचा डबा, देवळाजवळ किंवा घाटरस्त्यावर लोकांनी घातलेली केळी, यांपैकी काहीतरी जवळपास असतेच. माणसाच्या हातचे खाणे मिळालेला कळप भीती गमावतो. म्हणून माकडांना खायला घालणे, मग ते कितीही पुण्याचे वाटो, थांबवणे हा उपायाचाच भाग आहे. फणस झाडावर पूर्ण पिकण्याआधी उतरवावा. भेंडी, वांगी आणि काकडी कोवळी असतानाच दिवसाआड काढावी, कारण आज न काढलेले फळ उद्या कोणाचे होईल हे सांगता येत नाही.

पिकांची मांडणीही बदलता येते. माकडांना प्रिय असलेली काकडी, मका, रताळी आणि भुईमूग स्वयंपाकघराच्या दाराजवळ ठेवावीत आणि कुंपणालगत मिरची, हळद, आले, सुरण असे त्यांना तुलनेने कमी आवडणारे पीक घ्यावे. भुकेला कळप हा नियम पाळेलच असे नाही, पण नुकसान कमी होते. पेडण्याची हरमल मिरची किंवा काणकोणची खोला मिरची घेतली तर कुंपणाचे काम आणि वर्षाचा मसाला दोन्ही साधते.

खरा टिकाऊ उपाय एकच आहे, आणि तो खर्चिक आहे: लोखंडी पाइपांच्या चौकटीला चारी बाजूंनी आणि वरूनही वेल्डमेश (जोडलेल्या जाड तारांची जाळी) लावून वाफ्याचा पिंजरा करणे. दोन-तीन वाफ्यांपुरता पिंजरा पिढीभर टिकतो, आणि त्यासाठी एक इंचाच्या आसपास भोकाची जाळी घेतली तर घूस, मोर आणि कोंबड्याही बाहेर राहतात. दार मात्र कडीने बंद होणारे हवे. दोरीची गाठ माकड सोडवते.

आरोग्याची एक बाब इथे सांगणे आवश्यक आहे. सत्तरी तालुक्यात २०१५ साली पाळी गावात माकडतापाचे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज या विषाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळले, आणि त्यानंतर त्या भागात हा आजार परिचित झाला. तो गोचिडींमार्फत पसरतो आणि त्याचा काळ साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे काजू गोळा करण्याच्या दिवसांना लागूनच असतो. परसात किंवा काजूच्या बागेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नये, पुरू नये, ओढून बाहेर टाकू नये. वनखात्याला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, कारण रेबीजची लस घेण्यात उशीर करू नये.

रानडुक्कर, साळींदर, घूस

रानडुकराची नजर बेताची आणि नाक तीक्ष्ण असते. सुरण, कणगी, रताळी, माडी असे कंद लावलेल्या परसाकडे तो वासाने येतो. मार्च ते मेपर्यंत पडलेल्या काजूच्या बोंडांचा आणि पुढे कुजलेल्या फणसांचा वास त्याला वाट दाखवतो. बोंडे आणि फणस रोज उचलले की त्याची अर्धी निमंत्रणे रद्द होतात. केस, फिनेल, साबणाच्या वड्या यांचा वास एका सरीने धुऊन जातो. जुन्या साड्यांचे कुंपण थोडे दिवस चालते आणि मग डुकराला त्याची सवय होते.

चिऱ्यांचा गडगा सर्वांत भरवशाचा, पण तो कुठे खचलेला आहे हे डुकराला कळते, म्हणून पावसाआधी संपूर्ण फेरी मारून फटी बुजवाव्यात. तारेची जाळी लावायची असेल तर ती जमिनीत किमान फूटभर गाडावी, नाहीतर तो खालून उचलतो. साळींदराला अडवण्यासाठीही हीच जाळी उपयोगी पडते. रात्री येऊन ते माडाची रोपे आणि कंद पोखरते.

सौर कुंपण परिणामकारक आहे, मात्र गोव्याच्या पावसात त्याची देखभाल वाटते त्यापेक्षा जास्त असते. तारेला टेकलेले गवत आणि वेली विजेचा झटका जमिनीत उतरवतात, ढगाळ दिवसांत बॅटरी पुरती भरत नाही, आणि लोक मात्र कुंपण बिघडले म्हणून तक्रार करतात. दर पंधरवड्याला तारेखालचे गवत कापणे हा त्या यंत्राचाच भाग समजावा. घरच्या वीजजोडणीतून थेट तारेत प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात जनावरापेक्षा घरातलेच माणूस दगावण्याची शक्यता अधिक असते. वाटेवर तारेचे फास लावणेही बेकायदेशीर आहे. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकल्याच्या घटना गोव्यात घडलेल्या आहेत.

उंदीर आणि घूस यांचा प्रश्न बहुधा आपणच सांभाळलेला असतो. विहिरीजवळ रचलेल्या झावळ्या, सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, पावसाळ्यासाठी साठवलेले सरपण हे त्यांचे घर. हे ढीग वाफ्यांपासून दूर आणि जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावेत, आणि पिंजरे बिळाच्या वाटेवर भिंतीला चिकटून ठेवावेत. विषाची वडी घरगुती मळ्यात टाळावी. ती खाऊन लुळा पडलेला उंदीर मांजर, घुबड किंवा धामण खाते, आणि उंदरांवर फुकट पहारा करणारी मंडळी कमी होऊन पुढच्या वर्षी उंदीर वाढतात. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून वाफ्यात उतरताना बूट आणि हातमोजे घालावेत.

मोर, आणि जाळीतले साप

मोराचा उपद्रव मुख्यतः बी पेरल्यापासून रोप वीतभर होईपर्यंतचा असतो. तेवढे दिवस रोपवाटिकेवर बांबूच्या कमानी करून जाळी ताणली की प्रश्न मिटतो, आणि पुढे मिरची-टोमॅटो पिकू लागले की पुन्हा तेवढीच काळजी घ्यावी लागते. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे; २०१६ साली गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी त्याला उपद्रवी ठरवण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा देशभर वाद उठला. त्याला पकडणे किंवा मारणे हा पर्याय नाही.

जाळीविषयी एक सूचना. किनाऱ्यावरच्या गावांत मच्छीमारांकडची जुनी नायलॉनची जाळी स्वस्तात मिळते आणि ती वाफ्यावर सैल टाकण्याची पद्धत आहे. अशा सैल जाळीच्या खालच्या काठात धामण अडकते, पीळ पडून जखमी होते आणि अनेकदा मरते. कधी नागही अडकतो आणि सकाळी भाजी काढायला गेलेल्या हाताला भेटतो. जाळी ताणून बांधावी, जमिनीवर तिचा घोळ लोळू देऊ नये आणि खालचा हातभर भाग दाट विणीच्या शेडनेटचा ठेवावा. साप अडकलेला दिसला तर वनखात्याच्या बचाव पथकाला बोलवावे. स्वतः कात्री घेऊन बसू नये.

रात्रीत फस्त होणारी पालेभाजी

पहिल्या पावसानंतर मोठ्या, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाच्या गोगलगायी भिंतींवर चढताना दिसतात. मूळ पूर्व आफ्रिकेतली ही जात आता आपल्याकडे घट्ट रुजली आहे. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, एका वेळी शंभराहून अधिक, आणि कोरड्या दिवसांत ती मातीत किंवा सोडणांखाली शंखाचे तोंड बंद करून महिनोन्महिने पडून राहते. म्हणून ऑक्टोबरात ती गेली असे वाटते आणि जूनमध्ये दुप्पट संख्येने परत येते.

चुन्याची रेघ ओढण्याचा उपाय पावसात निरर्थक आहे, आणि शंख घडवायला कॅल्शियम लागत असल्यामुळे या गोगलगायी चुन्याने रंगवलेल्या भिंती मुद्दाम चाटायला येतात. वाफ्यांमध्ये संध्याकाळी ओली गोणपाटे आणि पपईची पाने पसरावीत, पहाटे ती उलटून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ थेट वाफ्यात टाकू नये. गोगलगाय मरते आणि जमीनही. हे काम पावसाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत, अंडी घालण्यापूर्वी, रोज केले तर पुढे कष्ट कमी होतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या प्रभावी असल्या तरी कुत्र्यांना प्राणघातक आहेत, त्यामुळे पाळीव जनावर असलेल्या घरात त्या आणूच नयेत. या गोगलगायींच्या अंगात मेंदूज्वरासारखा आजार देणारा परजीवी असू शकतो, म्हणून उघड्या हाताने त्यांना उचलू नये आणि कच्ची खायची पाने नीट धुवावीत.

नर्सरीतून आणलेल्या कुंडीच्या तळाशी आणि मातीत हिची अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर असतात. नवीन रोप आवारात घेण्यापूर्वी कुंडी उलटून पाहणे हा या संकटावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वांगी, भेंडी, मिरची

वांग्याचा शेंडा दुपारी माना टाकतो आणि पाणी घालूनही उठत नाही, तेव्हा आत अळी असते. सुकलेल्या भागाच्या दोन बोटे खाली कापून तो शेंडा नष्ट करावा आणि हे आठवड्याला नेमाने करावे. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा कामगंध सापळा सोबत असावा. आगशीच्या वांग्याचे झाड चांगले धरते म्हणून दुसऱ्या वर्षीही ठेवण्याचा मोह होतो, पण तेच जुने झाड अळीला वर्षभर आसरा देते. हंगाम संपला की उपटावे.

भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली तर ते झाड सुधारत नाही. पांढऱ्या माशीने पसरवलेला तो विषाणू आहे, झाड काढून टाकावे आणि उरलेल्यांवर पिवळे चिकट सापळे लावावेत. मिरचीचा चुरडा-मुरडा पाहताना पान कोणत्या बाजूला वळले आहे ते बघावे: कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड. फुलकिड्यांसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारे गंधक लागते. मात्र तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, नाहीतर पाने भाजतात.

कुठे विचारावे

कीड ओळखता येत नसेल तर किडके फळ किंवा पान बंद पिशवीत घालून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात न्यावे. जुने गोवे आणि मडगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि जुन्या गोव्यात किनारी शेतीवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्थाही आहे. कुंपणासाठी कृषी खात्याचे अनुदान मिळते. त्याच्या अटी आणि कृषी कार्डाची (कृषी खात्याकडून शेतकऱ्याला मिळणाऱ्या नोंदणी-कार्डाची) आवश्यकता कार्यालयात आधी विचारून मगच खरेदी करावी, कारण आधी कुंपण घालून नंतर अर्ज करणाऱ्यांची अडचण होते.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या भागांत कधी गवाही परसात शिरतो. तो राज्यप्राणी आहे, वजनाने कित्येक क्विंटलांचा आहे, आणि वेल्डमेशचा पिंजरा त्याला अडवत नाही. त्याला हाकलायला जाऊ नये, विशेषतः सोबत पिल्लू असताना. कुत्रे बांधून ठेवावेत, माणसांनी घरात राहावे आणि वनखात्याला कळवावे. तो बहुधा नेहमीच्याच वाटेने येतो आणि त्याच वाटेने जातो, त्यामुळे गडग्याची दुरुस्ती करताना त्या वाटेवर नवा वाफा न मांडता तो घराच्या दुसऱ्या बाजूला घ्यावा.